चौथी ‘ब’च्या डोईफोडे बाई

मागच्या उन्हाळ्यात नातीच्या प्रवेशासाठी मुलासोबत एका नव्या शाळेत गेले होते. काचेची दारं, भिंतींवर रंगीत चित्रं, आणि समोर पंचविशीतली एक हसरी मॅडम. तिनं एक गुळगुळीत पुस्तिका माझ्या हातात दिली आणि म्हाताऱ्यांशी बोलतात तसं जरा मोठ्यानं म्हणाली, "आजी, आमच्याकडे फिनलंडची पद्धत आहे. फिनलंड म्हणजे..."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मॅडम नातीला आतल्या खोलीत घेऊन गेली. प्रवेशपरीक्षा होती. चार वर्षांच्या पोरीची.

तिथं बाकावर बसल्या बसल्या मला डोईफोडे बाई आठवल्या.

कोराडीला वीज केंद्राच्या चिमण्या नुकत्या धूर सोडायला लागल्या होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. मी डी.एड. करून तिथल्या वसाहतीच्या शाळेत लागले होते. सीताबर्डीहून बस पकडायची, उतरल्यावर कोळशाच्या ट्रकांच्या बाजूनं पदर नाकाला लावून चालायचं. शाळेचं छप्पर टिनाचं. सकाळी बाकावरून बोट फिरवलं तर राखेत रेघ उमटायची. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. ‘अ’मध्ये इंजिनिअरांची आणि साहेबांची मुलं. ‘ब’मध्ये राख उपसणाऱ्या, कोळसा उतरवणाऱ्या कंत्राटी मजुरांची. तुकड्या हुशारीप्रमाणे पाडल्या आहेत असं सांगत, आणि हुशारी बरोबर क्वार्टरच्या नंबरांप्रमाणे निघत असे.

माझ्याकडे चौथी ‘अ’ होती. पलीकडे, लाकडी फळ्यांच्या पार्टिशनमागे, चौथी ‘ब’ आणि डोईफोडे बाई.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, कमरेला खोचलेला पदर. मुलांशी बोलताना त्या उभ्या राहून कधी बोलल्या नाहीत. फतकन् उकिडव्या बसायच्या, मुलाच्या डोळ्यांसमोर डोळे आणायच्या आणि मग बोलायच्या. गुडघे कुरकुरायचे. उठताना "अगं माय!" म्हणायच्या. दिवसातून पन्नासदा तरी ते चालायचं. माहेर पारशिवनीकडचं, आणि बोलणं शेवटपर्यंत तिथलंच राहिलं. हेडसर शुद्ध भाषेचे आग्रही. ते एकदा म्हणाले, "बाई, परदेशी जाऊन आलात, आता तरी ‘मला’ म्हणा." बाई म्हणाल्या, "मले जमत नाही सर."

परदेशी त्या खरोखरच गेल्या होत्या. शिक्षकांच्या कुठल्याशा मैत्री-दौऱ्यात त्यांचं नाव लागलं आणि नागपूरच्या उन्हातून थेट फिनलंडच्या बर्फात सहा आठवडे. परत आल्यावर शहरातली बरी शाळा सोडून त्यांनी ही राखेतली शाळा मागून घेतली. लोक म्हणत, थंडीनं डोकं फिरलं.

त्यांच्या त्या प्रवासावर हेडसरांनी एक कार्यक्रम ठेवला होता. साहेबांच्या बायका नटून आल्या होत्या. त्यांना विमान ऐकायचं होतं, बर्फ ऐकायचा होता, तिथल्या बायका काय नेसतात ते ऐकायचं होतं. बाई तासभर बोलल्या त्या एका मुलावर. लाकूडतोड्याचा मुलगा. त्याला अक्षरं उलटी दिसायची. त्याच्यासाठी शाळेत एक वेगळी बाई होती, ती रोज त्याला एकट्याला घेऊन बसायची आणि पुन्हा वर्गात आणून सोडायची. त्याच बाकावर डॉक्टरची मुलगी. दुपारी दोघंही एकाच भांड्यातलं सूप पीत. दर पाऊण तासानं साऱ्या वर्गाला बाहेर सोडत, बर्फ पडत असला तरी.

शेवटी हेडसरांनी विचारलं, "आणि त्या वर्गात पहिला नंबर कोणाचा होता?"

"मी बी तेच इचारलं," बाई म्हणाल्या. "तिथल्या मास्तरीणबाईले माहा प्रश्नच समजला नाही. तीनदा सांगितला, तरी नाही समजला."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

एकदा बसची वाट बघताना मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही एवढं काहून घेता मनावर?" त्यांनी बस येते का ते वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "वीस वर्षं मी छडी चालवली, कुमुद. डोईफोडे नाव उगीच नाही, असं पोट्टे म्हणत. एक गणपत होता. वाचता येत नव्हतं त्याले. रोज मारलं. बोटं सुजायची त्याची. मग यायचाच बंद झाला. मले वाटलं, बरं झालं, वर्गाचा निकाल सुधरला. अन तिथं त्या थंडीत, मागच्या बाकावर बसून त्या लाकूडतोड्याच्या पोट्ट्याले पाह्यलं, तं मले गणपत दिसला. आजारी नव्हता, मठ्ठ नव्हता. त्याले फक्त कोणीतरी बाजूले बसायले पायजे होतं. मी रडली वं तिथं. त्याइले वाटलं, बाईले थंडी वाजून राहिली. त्याइनं लोकरीचे मोजे आणून देल्ले."

बस आली.

त्यांचं एक वाक्य शाळेत प्रसिद्ध होतं. कोणी म्हणालं, ‘ब’च्या पोरांवर कशाला डोकं फोडता, की त्या म्हणायच्या, "हुशार पोट्टे आपल्याबिगर बी शिकतेत. आपल्याले पगार बाकीच्याइसाठी भेटते." शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य कोणाला आवडायचं नाही.

त्या वर्षी जुलैत त्यांनी पार्टिशनच्या चार फळ्या काढल्या. आधी मला विचारलं. मी तेवीस वर्षांची होते, मला ते साहस वाटलं, मी हो म्हटलं. अर्धी ‘अ’ तिकडे, अर्धी ‘ब’ इकडे. पहिला आठवडा नाकं मुरडण्यात गेला. ‘अ’ची मुलं म्हणायची, यांच्या कपड्यांना वास येतो. ‘ब’ची मुलं काहीच म्हणायची नाहीत, ते जास्त वाईट होतं. दुपारी बाई स्टोव्हवर पातेलंभर वरण करायच्या आणि सगळ्यांना एका पंगतीत वाढायच्या. जेवून झालं की तिकडच्या रिवाजाप्रमाणे ‘कीतोस’ म्हणायचं, म्हणजे आभार. पोरांनी त्याचं ‘काय तोंडघास’ करून टाकलं होतं. वसाहतीतून लगेच चिठ्ठ्या आल्या, आमच्या मुलांना घरचा डबा आहे. कारण कोणी लिहिलं नाही. बाईंनी त्या चिठ्ठ्या वाचल्या, घडी घालून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशीही वरण केलं. ‘अ’ची निम्मी मुलं चोरून खायची.

या वर्गात शेवंती होती. अकरा वर्षांची, चौथीत तिसऱ्यांदा बसलेली. बाप किसन राखेच्या खड्ड्यावर कामाला. ही पोर गोष्ट सांगायला लागली की दोन्ही तुकड्या गप्प व्हायच्या. मालगाडी गेली की डबे मोजून त्यात किती कोळसा असेल ते तोंडी सांगायची. पण कागदावर अक्षर आलं की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. ‘ब’ आणि ‘क’, ‘भ’ आणि ‘म’, सगळं एकात एक.

बापानं बाईंना सांगून ठेवलं होतं, "यंदा नापास झाली तं नाव काढतो मी बाई. ठेकेदार म्हणते, पोरीले कामाले आण. घरी चार तोंडं हायेत."

बाई रोज पहिला तास संपला की तिला घेऊन व्हरांड्यात बसायच्या. राखेच्या थरावर बोटानं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. तोवर बाकीचा वर्ग माझ्याकडे. अख्खं वर्ष. दिवाळीपर्यंत काही हललं नाही. जानेवारीत एका दुपारी शेवंतीनं दुकानाच्या पाटीवरचे दोन शब्द वाचले. बाई धावत माझ्या वर्गात आल्या आणि सगळ्यांसमोर माझा हात धरला.

मार्चपर्यंत ती वाचू लागली. हळू. प्रत्येक शब्दाशी झटापट करत, पण बरोबर.

वार्षिक परीक्षेत दोन तासांचा पेपर. शेवंतीनं दोन तासांत पावच सोडवला. जेवढा सोडवला तेवढा जवळजवळ बरोबर होता. ‘ब’चे मराठीचे पेपर तपासायला माझ्याकडे आले होते. मी तिला एकोणीस गुण दिले. पास व्हायला पस्तीस लागत. तिच्यासारखी आणखी दहा मुलं होती.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. पहिल्यांदाच त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, मुलांसमोर बसायच्या तशा.

"कुमुद, सोळा मार्क दे वं तिले."

"कसे देऊ बाई? पाऊण पेपर कोरा आहे."

"कोरा नाही तो. तिले अजून वेळ पायजे होता. दे ना तिले अजून दोन तास, इथं बसव, माह्यासमोर नको, तुह्यासमोर. लिहून दाखवते ती."

"हेडसर नाही म्हणतील."

"मी इचारलं. नाही म्हणाले." त्यांनी माझा गुडघा धरला. "तू समजून घे. ही पोट्टी गेली तं मंग माहा त्या देशात जाऊन आल्याचा काय उपयोग झाला? सांग मले."

मी रडवेली झाले. पण मी म्हटलं, "बाई, मला जमणार नाही. माझी नोकरी कच्ची आहे."

त्या उठल्या. "अगं माय" म्हणाल्या नाहीत.

निकाल लागला तेव्हा चौथीची सगळी मुलं पास होती. बाईंनी नावं नंबरानं न लावता अक्षरानुक्रमानं लावली होती. किसननं मजुरांच्या झोपड्यांत बत्तासे वाटले. शेवंती मला रस्त्यात भेटली, हातावर बत्तासा ठेवला आणि म्हणाली, "बाई, मी पाचवीत गेली." एकोणिसाचे पस्तीस कसे झाले ते मला कळलं होतं. मी बत्तासा खाल्ला.

ते आठ दिवस टिकलं.

वसाहतीतल्या एका मोठ्या इंजिनिअरची मुलगी दरवर्षी पहिली यायची. यंदा पहिलं कोणीच आलं नाही म्हणून ते संतापले. ते शाळा समितीवर होते. सगळे पेपर काढा, बेरजा करा, नंबर लावा, असा त्यांनी हट्ट धरला. त्या बेरजा करताना ते अकरा पेपर सापडले. माझ्या हातचे आकडे खोडून शेजारी बाईंनी स्पष्ट, ठसठशीत अक्षरात पस्तीस लिहिले होते. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

समितीसमोर मला बोलावलं. हेडसरांनी पेपर पुढे केला. "हे एकोणीस तुमच्या हातचे?"

मी बाईंकडे पाहिलं. त्याच म्हणाल्या, "खरं ते सांग. हो म्हण."

"हो," मी म्हटलं.

"तिनं बरोबर देल्ले होते," बाई म्हणाल्या. "बदलवले मी. तिले माहीत नव्हतं."

माहीत होतं. मी गप्प राहिले.

इंजिनिअर म्हणाले, "बाई, ही फसवणूक आहे. उद्या आमच्या हुशार मुलांच्या पास होण्याला काय किंमत राहील?"

"तिथं बी लोक हेच म्हणत होते," बाई म्हणाल्या. "एका शाळेत बसवलं तं हुशार पोरं मागं पडतीन म्हणून भांडत होते. मी ऐकलं माह्या कानानं. तरी त्याइनं केलं."

"हे फिनलंड नाही."

"माहीत हाय मले साहेब." त्यांचा आवाज चिरकला. "म्या गुन्हा केला. मले काढा. आजच काढा. पण त्या अकरा जणाइले राहू द्या. हात जोडते मी. पाया पडते." आणि त्या खरंच खुर्चीवरून उठून खाली वाकल्या. इंजिनिअर पाय मागे घेत उभे राहिले. मला तिथं बघवेना, मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

बाईंना काढलं. अकराही मुलांना नापास केलं. पार्टिशनच्या फळ्या पुन्हा ठोकल्या. नवा निकाल लागेपर्यंत दोन्ही तुकड्या मीच सांभाळल्या म्हणून समितीनं माझी नोकरी पक्की केली. मी घरी पेढे नेले.

त्या मे महिन्यात बाई रोज सिव्हिल लाइन्समधल्या शिक्षण कार्यालयात जात होत्या. या मुलांची फेरपरीक्षा घ्या, जास्त वेळ द्या, एवढाच अर्ज. नागपूरचा मे, अंगाची लाही होते. त्या व्हरांड्यात शिपायाच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसून राहायच्या. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर. एकदा मी तिकडून जात होते तर दिसल्या. ओठ फुटले होते. मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती घेतली आणि विचारलं, "शेवंतीकडे गेली होती का तू?" मी नव्हते गेले. "जाय ना एकदा. वाचून घेत जा तिच्याकडून. सुटलं की विसरते ती."

मी जाईन म्हटलं. गेले नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या. घामानं चिंब, श्वास लागलेला. "चाल," एवढंच म्हणाल्या. आम्ही बसनं कोराडीला गेलो, राखेच्या खड्ड्यापलीकडे झोपड्यांपर्यंत चालत गेलो. किसनची झोपडी रिकामी होती. शेजारची बाई म्हणाली, ठेकेदारानं चार घरं ट्रकात घालून नेली. कुठं? तिला माहीत नव्हतं. कोणी म्हणालं वीटभट्टीवर, कोणी म्हणालं उमरेडकडे.

झोपडीच्या टिनावर आतल्या बाजूनं कोळशानं लिहिलेलं होतं: शेवंती किसन. चौथी पास.

सगळी अक्षरं बरोबर होती. ‘पास’वर कोणीतरी हात फिरवून पुसायचा प्रयत्न केला होता, पण कोळसा टिनात बसला होता. बाई त्या टिनाला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, चला." त्या म्हणाल्या, "सतरा तारखेले तिचं वाचन इतकं चांगलं झालं होतं." आणि मग तेच पुन्हा. तेच पुन्हा.

अकरापैकी सात मुलं परत चौथीत येऊन बसली. माझ्याच वर्गात; ‘ब’ आता माझ्याकडे दिली होती. मी त्यांना मारलं नाही, एवढंच सांगू शकते.

त्यानंतर बाईंबद्दल ऐकूच यायचं. कोणी त्यांना कामठीकडच्या वीटभट्ट्यांवर पाहिलं, कोणी उमरेडच्या खाणीपाशी. भट्टीवर जायच्या, पोरींना नाव विचारायच्या, तिथंच आठ-पंधरा दिवस राहून कोणाकोणाला शिकवायच्या. ठेकेदार हाकलायचे. त्यांची म्हातारी आई वारली तेव्हाही त्या घरी नव्हत्या. लोक म्हणाले, वेड लागलं. मला तसं वाटलं नाही. मला वाटत होतं, शेवंतीला शोधण्याचं काम खरं तर आम्हा दोघींचं होतं, आणि त्या एकट्याच करताहेत.

आठ-नऊ वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. तिला घेऊन नणंदेकडे जात होते, तर भिवापूरला बसचं टायर बसलं. अर्धा तास लागेल म्हणून कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं. रस्त्याला लागून मिरच्यांचा सातरा होता, म्हणजे मिरच्या वाळवून देठ खुडायचं मैदान. लालभडक ढीग, आणि त्यांच्यामध्ये रांगा करून देठ खुडत बसलेल्या शेकडो बायका-पोरी. हवेत नुसता ठसका. तिथं कॅनव्हासचे बूट घातलेली एक म्हातारी दिसली. केस पिकलेले, पाठ वाकलेली.

"बाई!"

त्यांनी मला लगेच ओळखलं. रागाचं काही नव्हतं त्यांच्या तोंडावर. त्यानं मला जास्तच लागलं.

"कोणी सांगतलं, किसनच्या घरची माणसं यंदा इकडे मिरचीवर आहेत म्हणून," त्या म्हणाल्या. खोकल्या. "आता ती मोठी झाली असन. चेहरा बदलला असन. म्हणून नाव इचारत जाते."

"बाई, माझ्याबरोबर चला घरी. काही दिवस राहा."

"येईन ना. हे झालं की." त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं आणि गुडघे दाबत, हळूहळू खाली बसल्या. "कितवीत आहेस वं तू?"

"पहिलीत," मुलगी म्हणाली. ती पुढं काही बोलायच्या आधी मी बोलून गेले, "पहिला नंबर आला हिचा." बोलल्यावर जीभ चावली.

बाईंनी मान डोलावली. "चांगलं झालं." मग मुलीला विचारलं, "अन तुह्या वर्गात सगळ्यात मागच्या बाकावर कोण बसते?"

मुलीनं विचार केला. "एक मुलगी बसते."

"नाव काय तिचं?"

मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. तिला माहीत नव्हतं.

"इचारजो," बाई म्हणाल्या. "उद्या गेली की इचारजो बरं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी बाईंना हात देऊन उठवलं. तो हात मिरच्यांनी पोळलेला, आगीसारखा होता. मी पर्समधून कागद काढून पत्ता लिहून दिला, त्यांनी तो न वाचता कमरेला खोचला. बस निघाली तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढली. मुकादम हात हलवत त्यांच्याकडे येत होता, काहीतरी ओरडत होता. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या पहिल्या रांगेतल्या एका पोरीपुढे उकिडव्या बसल्या, काही विचारलं, पोरीनं मान हलवली. त्या उठल्या आणि पुढच्या पोरीपुढे बसल्या.

बस वळेपर्यंत त्या चौथ्या पोरीपर्यंत पोहोचल्या होत्या.